दहा अंकी की बारा अंकी? सूर्यनमस्काराचे पाठभेद आणि ओकिनावाचे काता

१/
रथसप्तमी आली की गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर सामूहिक सूर्यनमस्कार होतात आणि पाठोपाठ एक जुना वाद नव्याने सुरू होतो. नमस्कार दहा अंकांचा की बारा अंकांचा? त्यांतला मूळ कोणता आणि मागाहून बिघडलेला कोणता? आमच्या घनसावंगी तालुक्यात या वादाला आणखी एक धार असते, कारण समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. ‘समर्थ घालत तोच खरा नमस्कार’ असे येथे सहज म्हटले जाते. आजच्या धाग्यात या प्रश्नाकडे इतिहासाच्या शिस्तीने पाहू.

२/
त्यासाठी आधी थोडे दूर, जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर जावे लागेल. कराटेमध्ये ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना, एकट्याने करावयाच्या हालचालींची साखळी. ती गुरूच्या शरीराकडून शिष्याच्या शरीराकडे जाते. सूर्यनमस्काराचा स्वभावही हाच आहे. मात्र काताच्या बाबतीत कोणी, केव्हा, काय बदलले हे नावानिशी आणि सनावळीनिशी बरेचसे सांगता येते. म्हणून पाठभेद वाचण्याची रीत तेथे शिकावी आणि मग ती घेऊन आपल्याकडे परतावे, असा या धाग्याचा क्रम आहे.

३/
१८७९ मध्ये जपानने र्युक्यूचे राज्य संपुष्टात आणले आणि ओकिनावा हा जपानचा एक प्रांत झाला. तोवर कराटे ही निवडक शिष्यांना खासगीत शिकवली जाणारी विद्या होती. इतोसु आंको (१८३१–१९१५) यांनी ती शाळेत आणली. १९०१ मध्ये शुरी येथील प्राथमिक शाळेत तिचा प्रवेश झाला आणि १९०५ च्या सुमारास इतोसुंनी विद्यार्थ्यांसाठी पाच काता रचले. त्यांचे नाव ‘पिनान’. ‘कुसान्कू’ नावाच्या जुन्या, दीर्घ काताचे तुकडे त्यांत वापरले गेले, असे सामान्यतः मानले जाते. १९०८ मध्ये इतोसुंनी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. कराटे शिकलेली मुले पुढे सैन्यातही उपयोगी पडतील, हा त्यातील एक युक्तिवाद होता.

४/
इतोसुंचे एक शिष्य म्हणजे फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७). हे पेशाने शाळामास्तर. १९२२ मध्ये ते तोक्योला गेले आणि तेथेच राहून कराटे शिकवू लागले. जपानच्या मुख्य भूमीवर ही विद्या रुजवायची तर तिचे परकेपण कमी करायला हवे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी अनेक कातांची नावे बदलली. ‘पिनान’चे ‘हेइआन’ झाले. गंमत अशी की दोन्ही नावे लिहिताना अक्षरचिन्हे तीच वापरतात. ओकिनावातील उच्चार सोडून जपानी उच्चार घेतला, एवढाच तो बदल. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या काताची अदलाबदल केली, कारण इतोसुंचा दुसरा काता नवशिक्याला अधिक सोपा होता.

५/
इतोसुंचे दुसरे शिष्य माबुनी केन्वा (१८८९–१९५२). त्यांनी हिगाओन्ना कानर्यो यांच्याकडूनही विद्या घेतली आणि दोन्ही गुरूंच्या आडनावांतील पहिल्या चिन्हांवरून आपल्या शैलीला ‘शितो-र्यू’ हे नाव दिले. तिसरे नाव ओत्सुका हिरोनोरी (१८९२–१९८२) यांचे. हे मूळचे जुजुत्सूचे जाणकार. १९२२ मध्ये ते फुनाकोशींकडे शिकू लागले आणि १९३० च्या दशकात वेगळे होऊन त्यांनी ‘वादो-र्यू’ उभी केली. फुनाकोशींची परंपरा पुढे ‘शोतोकान’ म्हणून प्रसिद्ध झाली. अशा रीतीने एकाच इतोसुंचे पाच काता अवघ्या तीस वर्षांत तीन वेगळ्या घराण्यांत गेले.

६/
आता त्यांतला एकच काता शेजारी ठेवून पाहू : पिनानचा पहिला, म्हणजेच शोतोकानचा हेइआन दुसरा. ओकिनावातील शाळांमध्ये तो मांजरीच्या पवित्र्याने सुरू होतो. मागच्या पायावर जवळजवळ सगळा भार, पुढचा पाय फक्त चवड्यावर टेकलेला, शरीर उभट. शोतोकानमध्ये त्याच जागी लांब, खोल आणि मागे झुकलेला पवित्रा येतो. ओकिनावात जेथे समोर लाथ आहे, तेथे शोतोकानमध्ये ती बाजूला जाते. दिशांचा आराखडा मात्र दोन्हीकडे तोच. कोठे वळायचे, कोणत्या रेषेवर पुढे जायचे आणि कोठे परतायचे, हे फारसे बदललेले नाही.

७/
यातून पहिला धडा मिळतो. ओत्सुका हे फुनाकोशींचे शिष्य, तरी वादो-र्यूमध्ये आजही ‘पिनान’ हेच नाव आणि इतोसुंचाच अनुक्रम टिकून आहे. मग नामांतर केव्हा झाले असावे? ओत्सुका शिकून गेल्यानंतर, किंवा निदान त्यांच्या हाती जुना पाठ पडून गेल्यानंतर. छापील पुरावा याला दुजोरा देतो. फुनाकोशींच्या १९२२ च्या पुस्तकात ‘पिनान’ आहे, १९३५ च्या पुस्तकात ‘हेइआन’. दूर गेलेल्या शाखेत कधी कधी जुने रूप टिकते आणि मूळ घरात ते बदलून जाते. कोकणातून शतकांपूर्वी बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या बोलीत जुने शब्द सापडतात, तसेच हे.

८/
दुसरा धडा : हालचालीतील बदलाला बहुधा कारण असते. शोतोकानचे खोल पवित्रे आणि बाजूच्या लाथा यांचे श्रेय सामान्यतः फुनाकोशींचे चिरंजीव गिगो (१९०६–१९४५) यांना दिले जाते. तोक्योच्या विद्यापीठांतील तरुण विद्यार्थी हा त्यांचा शिष्यवर्ग. त्यांना दमदार, ताणलेला, पायांची ताकद कसाला लावणारा व्यायाम हवा होता. तेव्हा ‘शोतोकानने काता बिघडवला’ हे वाक्य इतिहासाच्या दृष्टीने पोकळ आहे. कोणासाठी, कोठे आणि कशाच्या गरजेपोटी बदलला, हे विचारले की त्याच बदलात त्या काळाचे चित्र दिसू लागते.

९/
तिसरा धडा अर्थाचा. काताच्या एखाद्या हालचालीचा प्रत्यक्ष झुंजीतील उपयोग काय, याच्या उलगड्याला ‘बुंकाई’ म्हणतात. हात वर नेण्याची एकच कृती एका घराण्यात ठोसा अडवणे ठरते, तर दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरून ओढणे. वर्गात चाळीस मुले एका सुरात आकडे मोजत हालचाल करू लागली की असे उलगडे मागे पडतात आणि आकार तेवढा उरतो. आकार टिकून अर्थ बदलू शकतो, तसाच अर्थ टिकून आकारही बदलू शकतो.

१०/
हे सारे मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती याच विचाराने. शेकडो हस्तलिखिते जमवायची, पाठभेद शेजारी मांडायचे, कोणती शाखा कोणापासून फुटली हे ठरवायचे आणि मग जुन्यात जुन्या रूपाकडे सरकायचे. शरीराच्या विद्येत अडचण एवढीच की तिची हस्तलिखिते नसतात. प्रत्येक नवी आवृत्ती जुनीला पुसूनच उभी राहते. म्हणून चार प्रश्न हाताशी ठेवू : नाव व क्रम काय, आकार काय, मोजणी कशी, आणि अर्थ काय?

११/
आता साताऱ्याकडे वळू. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा, म्हणजे फुनाकोशींच्याच वर्षीचा. तरुणपणी, १८९७ पासून सुमारे दहा वर्षे, त्यांनी युरोपातील प्रसिद्ध बलोपासक सँडो याची साधने आणून व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून १९०८ मध्ये ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांच्या वडिलांचाही नमस्कारांचा नेम होता. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली आणि छायाचित्रांनी एकेक स्थिती पक्की करून दाखवली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ चे. १९३८ मध्ये लंडनहून लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेली आवृत्ती निघाली, तिच्या नावातच ‘दहा’ हा आकडा आहे.

१२/
औंधचा क्रम असा. एक : हात जोडून उभे. दोन : कमरेत वाकून तळवे जमिनीवर. तीन : एक पाय मागे. चार : दुसराही पाय मागे, कंबर उंच. पाच : साष्टांग. सहा : छाती वर उचललेली. सात : पुन्हा चारची स्थिती. आठ : पुन्हा तीनची. नऊ : दोनची. दहा : एकची. कागदावर लिहून पाहा, रचना आरशासारखी आहे. पहिली स्थिती दहाव्याशी जुळते, दुसरी नवव्याशी, तिसरी आठव्याशी, चौथी सातव्याशी. मधोमध पाच आणि सहा या दोनच स्थिती एकट्या आहेत.

१३/
आज योगवर्गांत सर्वाधिक दिसणारा बारा अंकी क्रम घ्या. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीत प्रणामासनानंतर हात वर नेऊन पाठीमागे कमान करतात आणि मग पुढे वाकतात. शेवटी परत येतानाही तीच कमान एकदा होते. बाकीच्या दहा स्थिती औंधच्या दहांशी जवळपास जुळतात. म्हणजे दहा आणि बारा यांतले सारे अंतर एका जोडीचे आहे : वर नेलेले हात, जाताना एकदा आणि येताना एकदा. आरसा मोडलेला नाही, तो दोन्ही टोकांना एकेका घराने रुंद झाला आहे.

१४/
मग ही जोडी कशासाठी? येथे मोजणीचा प्रश्न उपयोगी पडतो. सूर्याची बारा नावे सर्वांना पाठ असतात : मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सविता, अर्क आणि भास्कर. औंधच्या पद्धतीत बीजाक्षरासह एक नाव उच्चारायचे आणि मग एक संपूर्ण नमस्कार घालायचा. तेथे एका नावाला दहा स्थिती असतात, त्यामुळे स्थितींची संख्या बारा असण्याचे कारणच नाही. मुंगेरच्या पद्धतीत मात्र प्रत्येक स्थितीला एकेक नाव जोडलेले आहे. बारा नावे, बारा स्थिती. नाव पूर्ण नमस्काराचे की एकेका स्थितीचे, हा या दोन पद्धतींमधला पायाभूत फरक आहे आणि मैदानावरच्या वादात तो क्वचितच बोलला जातो.

१५/
बारांमध्येही एकवाक्यता नाही. हृषीकेशच्या शिवानंद परंपरेत पाचव्या स्थितीला कंबर उंच न करता शरीर फळीसारखे सरळ ठेवतात, आठव्या स्थितीला मात्र कंबर उंच करतात. तेथे आरसा एका ठिकाणी तडकतो. दहांमध्येही एकवाक्यता नाही. काही ठिकाणी हात जोडलेली पहिली स्थिती मोजणीबाहेर ठेवतात आणि हात वर नेण्याला ‘एक’ म्हणतात. तेव्हा ‘आमचाही दहा अंकीच’ म्हणणारे दोघे प्रत्यक्षात वेगळे नमस्कार घालत असू शकतात. इतोसुंचा पहिला काता फुनाकोशींकडे दुसरा झाला, त्याची येथे आठवण व्हावी. अंकावरून आकार ओळखू जाल तर फसाल.

१६/
सर्वांत दूर गेलेली शाखा म्हैसूरची. तेथे १९३० च्या दशकात राजाश्रयाने शिकवणाऱ्या कृष्णमाचार्यांचे शिष्य पट्टाभि जोइस (१९१५–२००९) यांच्या पद्धतीत दोन नमस्कार आहेत. एक नऊ मोजण्यांचा, दुसरा सतरा मोजण्यांचा. पहिल्यात एक पाय मागे नेण्याची स्थिती नाही. दोन्ही पाय एकदमच मागे जातात. साष्टांगही नाही. त्याजागी चतुरंग दंडासन येते, ज्यात तळवे आणि पायांची बोटे एवढेच जमिनीला टेकते आणि बाकीचे शरीर अधांतरी राहते. नाव ‘नमस्कार’ असूनही कपाळ भुईला लागत नाही. नाव टिकले, आकाराचा गाभा बदलला. अमेरिका-युरोपातील वर्गांमधून हाच पाठ जगभर गेला आणि आता तो शहरांतील योगवर्गांतून आपल्याकडेही परत येत आहे.

१७/
‘अंक’ ही कल्पनाच कोठून आली, याचा विचार करा. पहाटे घरी एकट्याने नमस्कार घालणाऱ्याला ‘एक, दोन, तीन’ अशा थांब्यांची गरज नसते. त्याची हालचाल वाहती असते. थांबे लागतात ते शंभर मुलांना एकाच वेळी, एका हुकमावर वाकवायचे असते तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील कवायत जपानच्या शाळांतही पोहोचली आणि हिंदुस्थानच्या शाळांतही. इतोसु आणि भवानराव यांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तरी दोघांनी थोड्याफार काळाच्या अंतराने तेच केले : देशी विद्या घेतली आणि ती शाळेच्या तासिकेत बसेल अशी बांधली. पिनानचे पाच काता आणि औंधचे दहा अंक ही एकाच युगाची अपत्ये आहेत.

१८/
मात्र येथून थेट ‘म्हणजे सूर्यनमस्कार औंधमध्येच जन्मला’ अशी उडी मारणे चूक ठरेल. इतोसुंनी पिनान रचले तेव्हा जुन्या काताचे तुकडे त्यांच्या हाती होते. औंधपूर्वीचे तुकडे कोणते? पहिला तुकडा तालमीत सापडतो. नमस्काराच्या दोन्ही टोकांच्या तीन-तीन स्थिती काढून टाका. उरते ते काय? कंबर उंच, मग छाती जमिनीलगत, मग छाती वर, आणि पुन्हा कंबर उंच. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या कोणत्याही तालमीत याला ‘जोर’ म्हणतात. उभ्याने केलेल्या वंदनाच्या पोटात पहिलवानाचा जोर बसवलेला आहे, असे हे रूप दिसते.

१९/
दुसरा तुकडा ग्रंथात सापडतो. ‘हठप्रदीपिका’ या योगग्रंथावर ब्रह्मानंद यांची ‘ज्योत्स्ना’ नावाची एकोणिसाव्या शतकातील संस्कृत टीका आहे. योगसाधकाने शरीराला क्लेश देणाऱ्या गोष्टी टाळाव्यात असे सांगताना टीकाकार उदाहरणे देतात : पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि जड ओझी उचलणे. या एका उल्लेखातून दोन गोष्टी निश्चित होतात. औंधच्या पुष्कळ आधी ‘सूर्यनमस्कार’ हा मोठ्या संख्येने घातला जाणारा, दमवणारा प्रकार म्हणून परिचित होता. आणि तो योगाचा भाग समजला जात नव्हता; उलट योग्याने त्यापासून जपावे असा सल्ला होता. आज योगवर्गाची सुरुवातच सूर्यनमस्काराने होते. हा पालट त्यानंतरचा आहे.

२०/
तिसरा तुकडा कर्मकांडात आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्ताच्या अखेरच्या तीन ऋचा म्हणत सूर्याला अर्घ्य व नमस्कार घालण्याचा विधी ‘तृचाकल्प’ म्हणून ओळखला जातो. या ऋचांत हृदयाचा रोग आणि शरीराचा पिवळेपणा दूर व्हावा अशी प्रार्थना आहे. तैत्तिरीय आरण्यकातील अरुणप्रश्न म्हणत नमस्कार घालण्याचीही परंपरा आहे. आरोग्य आणि सूर्यवंदन यांची सांगड विसाव्या शतकात पहिल्यांदा घातली गेली, असे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. पण या विधींत महत्त्व मंत्राला आहे. गुडघा केव्हा टेकावा आणि हनुवटी कोठे असावी, ही चिंता त्यांची नव्हे.

२१/
अर्थाच्या पालटाचे सर्वांत बोलके उदाहरण साष्टांगात आहे. आज आपण आठ अंगे म्हणजे कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन पाय अशी मोजतो. जमिनीला टेकणारे आठ बिंदू. परंपरेतील प्रसिद्ध व्याख्येत मात्र आठ अंगे अशी आहेत : छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. दृष्टी, मन आणि वाणी जमिनीला टेकवता येत नाहीत. व्याख्या वंदन करणाऱ्या सबंध माणसाची होती. व्यायामाच्या पुस्तकात ती शरीराच्या बिंदूंची झाली. आठ हा आकडा राहिला आणि आठांचा आशय बदलला. काताच्या बुंकाईत घडते तेच येथे घडले.

२२/
आता जांबकडे येऊ. १६०८ मध्ये रामनवमीला, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म येथे झाला. हाच पुढे समर्थ रामदास. घरात सूर्योपासना होती असे परंपरा सांगते. नाशिकजवळच्या टाकळी येथील बारा वर्षांच्या तपश्चर्येत समर्थ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, हेही परंपरेचे सांगणे. हा आकडा पुष्कळांना ठाऊक असतो. पण ते नमस्कार किती अंकांचे होते, हात डोक्यावर जात की नाही, याचे वर्णन या परंपरेत येत नाही. परंपरेने संख्या जपली कारण तिला तपाची मोजदाद सांगायची होती. आकार सांगणे हा तिचा हेतू नव्हता.

२३/
याच परंपरेने शब्द किती कसोशीने जपले, ते पाहण्यासारखे आहे. दासबोधाची कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात राहिली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापली, मठामठांतून बाडे गोळा केली आणि १९३५ मध्ये त्यांच्यासाठी समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. त्यामुळे दासबोधातील एखाद्या ओवीच्या पाठाबद्दल आज पुराव्याने भांडता येते. नमस्काराबद्दल तसे भांडता येत नाही. मारुती, बलोपासना आणि समर्थ ही सांगड व्यायामचळवळीने पुढे घट्ट केली. १९२५ मध्ये मुंबईत दादरला स्थापन झालेल्या व्यायामशाळेचे नावच श्री समर्थ व्यायाम मंदिर असे आहे. विसाव्या शतकातील नमस्काराला सतराव्या शतकातील गुरू लाभला, तो या वाटेने.

२४/
मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. सूर्याला वंदन करणे आणि ते वारंवार, व्रत म्हणून करणे हे खूप जुने आहे. समर्थांनी ते केले या परंपरेत अशक्य असे काही नाही. दहा किंवा बारा थांब्यांत बांधलेला, छायाचित्रावरून पडताळता येणारा, मैदानात हुकमावर घालता येणारा नमस्कार हा मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा आहे आणि त्याच्या बांधणीत औंधचा वाटा फार मोठा आहे. ‘समर्थांचा नमस्कार दहा अंकी होता की बारा अंकी’ हा प्रश्न म्हणूनच जागीच अडतो. अंक हे माप ज्या काळात तयार झाले, त्याच्या तीनशे वर्षे आधीच्या माणसाला आपण ते लावू पाहतो.

२५/
याने जांबचे काही उणे होत नाही. उलट खोटा दावा एखाद्या दिवशी उघडा पडण्यापेक्षा खरी गोष्ट आपणच नीट सांगावी, हे गावाच्या दृष्टीनेही हिताचे. याचा अर्थ सगळेच पाठ सारख्या वयाचे किंवा सारख्या मोलाचे आहेत, असाही नाही. नाव स्थितीला जोडलेले की नमस्काराला, साष्टांग आहे की नाही, मोजणी कोठून सुरू होते, यांवरून शाखा ओळखता येतात आणि त्यांचे प्रवास लावता येतात. ‘तुमचा चुकीचा आहे’ याऐवजी ‘तुमचा कोठून आला?’ असे विचारले, तर वाद संपून अभ्यास सुरू होतो.

२६/
आणि हा अभ्यास आत्ताच करावा लागेल. सामूहिक कार्यक्रमांसाठी एकच प्रमाण क्रम ठरवणे सोयीचे असते. कराटेच्या स्पर्धांमध्येही काता यादीत बसवावे लागले. पण प्रमाण पाठ पसरला की घराघरांतील निराळे पाठ मुकाट्याने नाहीसे होतात. तुमच्या घरी, गल्लीत, तालमीत सत्तरी ओलांडलेले कोणी नमस्कार घालत असतील तर त्यांना विनंती करा आणि परवानगी घेऊन चित्रफीत करून ठेवा. सोबत पाच गोष्टी लिहा : कोणाकडून शिकले, साधारण कोणत्या साली, कोणत्या गावी, मोजणी कोठून सुरू करतात, आणि नाव केव्हा उच्चारतात.

२७/
त्यांना दुरुस्त करू नका. ‘आजोबा, येथे हात वर न्यायचे असतात’ असे आपण म्हणालो की आजोबा हात वर नेतील आणि साठ वर्षे जपलेला एक पाठ त्या क्षणी पुसला जाईल. नोंदी जमल्या तर या धाग्याखाली लिहा. गाव आणि तालुका अवश्य घाला. घनसावंगी, अंबड, परतूर या भागांतील नोंदी मी स्वतः तक्त्यात भरत आहे. पुरेशा जमल्या की कोणता पाठ कोणत्या वाटेने मराठवाड्यात आला, हे पुढच्या धाग्यात नकाशावर मांडू.